२१४७४८३६४७ मूळ संख्या असूनही एक्सेलमध्ये शेवटी शून्य का येत नाही?

२१४७४८३६४७ म्हणजे २^३१ − १. २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी अशी संख्या मूळ आहे का, हे ठरवणारी तुमची लुकास-लेमर कसोटी बरोबर आहे, चुकतंय ते एक्सेलमध्ये. ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा, मग २^३१ − १ ने भागून बाकी, असं २९ वेळा केल्यावर शून्य यायलाच हवं. पण एक्सेल फक्त १५ अंक धरतं. १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ ही पहिली चार उत्तरं ठीक येतात. पाचव्या वेळी वर्ग १९ अंकी होतो, शेवटचे अंक गळतात आणि बाकी बिघडते. तिथे ६६९६७०८३८ आलं पाहिजे, हे आधी ताडून पाहा.

बाकी काढायची सोपी युक्ती याच संख्यांच्या घडणीत आहे. तुम्ही वेंगुर्ल्याचे आहात, तर आंबेच घेऊ. २^७ − १, म्हणजे १२७ ने ४४८७ ला भागायचं आहे. आंबे १२८-१२८ च्या ढिगांत लावा: ३५ ढीग, ७ सुटे. प्रत्येक ढिगातून १२७ काढले की एक उरतो, म्हणून बाकी ३५ + ७ = ४२. भागाकार केलाच नाही! १२७ साठी पूर्ण कसोटी: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मला तरी गणितात यापेक्षा सुबक गोष्टी फार कमी दिसतात.

हीच युक्ती एक्सेलमध्ये वापरा. संख्येला ६५५३६ ने भागून भागाकार क आणि बाकी ख असे दोन तुकडे करा. २^३२ ची बाकी २ येते, म्हणून वर्गाऐवजी २क² + १३१०७२·क·ख + ख² घ्या, त्यातून २ वजा करा आणि मग बाकी काढा. ही बेरीज १५ अंकांत बसते. १४१६३१७९५४ चे तुकडे २१६११ आणि १९४५८ येतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र हे काहीच करावं लागत नाही, पूर्णांक कितीही मोठे चालतात.

कसोटीशिवाय सिद्ध करायचं तर गणितज्ञ ऑयलरची वाट आहे. त्याने १७७२ मध्ये हीच संख्या मूळ ठरवली. २^३१ − १ चा कोणताही विभाजक २४८न + १ किंवा २४८न + ६३ याच रूपाचा असतो (न म्हणजे ०, १, २ असा पूर्णांक), आणि वर्गमूळ ४६३४१ च्या आत आहे. म्हणजे फार तर ३७३ उमेदवार, त्यातले ३, ५, ७ ने भाग जाणारे आधीच बाद.

घातांक मूळ असला की संख्याही मूळ, असं मात्र धरू नका. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. फर्माची २ पायाची कसोटी (२ चा, संख्येपेक्षा एकने कमी घातांकाचा घात घेऊन त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, हे पाहणारी) २०४७ ला मूळ म्हणून पास करते, म्हणून ती एकटी पुरत नाही. लुकास-लेमरमध्ये नवव्या वेळी १७३६ उरतात. तुमची शीट आधी ७ वर आणि ११ वर चालवा. शून्य आणि १७३६ आले तरच ३१ कडे वळा.