स्किल लॅबचे कुलूप आणि इतर प्रश्न

खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर, संगणकावरील प्रसंगावर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसावर शिकण्याच्या पद्धतीला सिम्युलेशन म्हणतात आणि महाविद्यालयात असा सराव जिथे होतो त्या खोलीला स्किल लॅब. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्यापासून या विषयावरची पत्रे वाढली आहेत आणि बहुतेक पत्रांत गोंधळ एकाच प्रकारचा आहे. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : पुतळ्याच्या हातावर सलाईनची सुई लावण्यात माझा हात चांगला बसला आहे. आता रुग्णाला स्वतंत्रपणे लावू का? (विद्यार्थिनी, लातूर)

नाही. आधी वरिष्ठांच्या देखरेखीखाली लावा आणि स्वतंत्रपणे केव्हा लावायची हे त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : पुतळे असताना शिकाऊ डॉक्टरांनी माझ्या वडिलांना का तपासावे? (रुग्णाचे नातेवाईक, अंबाजोगाई)

पुतळ्याला भीती वाटत नाही, त्याला मधुमेह आणि दमा एकाच वेळी नसतात आणि तो औषध घेतल्याचे लपवतही नाही, त्यामुळे शेवटचे शिक्षण रुग्णाजवळच होते. मात्र परवानगी विचारली जाणे आणि नकार देता येणे हा तुमच्या वडिलांचा हक्क आहे. तसे घडत नसेल तर युनिटच्या प्रमुखांशी बोला.

प्रश्न : आमच्या नव्या महाविद्यालयात एक विक्रेता 'आयोगमान्य' हाय-फिडेलिटी मॅनिकिन देऊ करत आहे. सोबत अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण मोफत आहे. घ्यावे का? (सहयोगी प्राध्यापक)

हाय-फिडेलिटी मॅनिकिन म्हणजे श्वास, नाडी वगैरे हुबेहूब दाखवणारा संगणकचलित पुतळा. 'आयोगमान्य', म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मान्य केलेला, हा शब्द विक्रेत्याचा आहे. पदवी अभ्यासक्रम 2019 पासून क्षमताधारित झाला आणि स्किल लॅब आवश्यक ठरली, हे खरे. पण नियमांत साहित्याचे प्रकार दिलेले असतात, कंपनीचे नाव नसते. किंमत आणि शिक्षण यांचे प्रमाणही सरळ नाही. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये आणलेल्या 'रेससी ॲन' पुतळ्यात संगणक नव्हता, तरी त्या एका पुतळ्याने जगभरातील असंख्य लोकांना हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायला शिकवले. मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रौढाच्या छातीवर किमान 5 सेंटिमीटर खोल, पण 6 पेक्षा अधिक नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, एवढे शिकवायला लाखोंचे यंत्र लागत नाही. विक्रेत्याला विचारा, आणि लेखी विचारा, की कातडी आणि फुप्फुसाच्या पिशव्या बदलायला किती खर्च येईल, सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी विकत घ्यावा लागेल का, बिघाड झाल्यावर अभियंता किती दिवसांत येईल आणि व्होल्टेज खालीवर झाल्यास जबाबदारी कोणाची.

माझी खरी चिंता मात्र यंत्राची नाही, तर ते चालवल्यानंतरच्या अर्ध्या तासाची आहे, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात आणि जे आपल्याकडे सर्रास गाळले जाते. एक प्रसंग घ्या. सर्पदंशाच्या 'रुग्णा'ला प्रतिविष सुरू केल्यावर अंगावर गांधी उठतात, श्वासात घरघर येते, रक्तदाब घसरतो. ही तीव्र ॲलर्जी आहे आणि तिच्यावर ॲड्रेनॅलिन तातडीने द्यावे लागते. तीन इंटर्न खाटेभोवती आहेत आणि एक जण म्हणतो, "कोणीतरी ॲड्रेनॅलिन द्या." तिघेही ते ऐकतात, एकही देत नाही आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने दिले. तिघांनाही मात्रा तोंडपाठ असते : प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. कमी पडते ते नाव घेऊन सांगणे आणि दिल्यावर "दिले" असे मोठ्याने कळवणे. हे प्रसंग संपल्यावर शांतपणे बसून, "त्या क्षणी तुला काय वाटत होते?" असे विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. आपले शिक्षक तिथे तोंडी परीक्षा सुरू करतात, "डोस सांग, दुष्परिणाम सांग", आणि मुले गप्प होतात. त्यात गुणही मोजले जाणार असतील तर पुढच्या वेळी कोणी तोंडच उघडत नाही. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला त्याच्या दुप्पट वेळ द्यावा लागतो, आणि ही चर्चा घडवून आणणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. विक्रेत्याच्या अर्ध्या दिवसात बटणे कुठे आहेत एवढेच कळते. तपासणीचे पथक येण्याच्या आदल्या दिवशी कुलूप काढून धूळ झटकली जाणाऱ्या खोलीला मी स्किल लॅब म्हणत नाही. म्हणून आधी दोन शिक्षक प्रशिक्षित करा, वेळापत्रकात तास ठेवा आणि मगच खरेदीचा प्रस्ताव मांडा. त्यापूर्वी आपल्या वैद्यकीय शिक्षण विभागाशी, भूलतज्ज्ञांशी आणि तेच यंत्र दोन वर्षे वापरलेल्या एखाद्या महाविद्यालयाशी सल्लामसलत करा.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुतळा नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव कसा करावा? (परिचारिका, बीड जिल्हा)

पुतळ्याची वाट पाहू नका. एका सहकारी ताईंनी रुग्णाची भूमिका करावी आणि सराव तुमच्याच लेबर रूममध्ये, तुमच्याच ट्रॉलीवर करावा. लाल रंगाचे पाणी मोजून कापडांवर ओता, सर्वांना अंदाज करायला सांगा आणि नंतर वजन करा. भिजलेल्या कापडाच्या वजनातून कोरड्याचे वजा केले की 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. नुसत्या डोळ्यांचा अंदाज बहुधा कमी निघतो आणि 500 मिलिलिटरची, म्हणजे धोक्याची, रेषा केव्हा ओलांडली ते कळत नाही. अशा सरावात ऑक्सिटोसिन हे रक्तस्राव थांबवणारे औषध ज्या फ्रिजमध्ये आहे त्याची किल्ली रात्रपाळीत कोणाकडे असते, हेही उघड होते. पाण्याने भरलेल्या सिरिंजवर 'सरावासाठी' अशी चिठ्ठी लावा आणि शेवटी त्या मोजून नष्ट करा. सरावाची वेळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. एखादी माता दाखल असताना करू नका.

प्रश्न : व्हीआर चष्मा घेतला तर पुतळ्यांची गरज संपते, असे ऐकले. खरे का? (विद्यार्थी, नांदेड)

ऐकीव आहे. डोळ्यांसमोर संगणकाने उभे केलेले आभासी दृश्य दाखवणारा हा चष्मा निर्णय घेण्याच्या सरावाला उपयोगी पडतो, पण बोटांना शीर लागल्याची जाणीव तो देत नाही.

प्रश्न : प्रबंधासाठी मी विद्यार्थ्यांची सिम्युलेशनपूर्वीची आणि नंतरची चाचणी घेतली. गुण वाढले. आता नैतिकता समितीची मंजुरी कशी मिळवू? (पदव्युत्तर विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

मंजुरी आधी घ्यायची असते. माहिती गोळा झाल्यावर मागे जाऊन ती मिळत नाही. विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आहे म्हणून समितीची गरज नाही, हा समज कोणी पसरवला कोण जाणे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी हा असुरक्षित गट मानला आहे, कारण परीक्षक असलेल्या शिक्षकाला नाही म्हणणे त्यांना जड जाते. शिवाय तुलनेचा गट नसताना गुण वाढले यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. कोणत्याही शिकवणीनंतर, लगेच घेतलेल्या चाचणीत ते वाढतातच. काही महिन्यांनी कौशल्य टिकले का आणि वॉर्डातील वागणूक बदलली का, हे पाहा. मार्गदर्शकांकडे, समितीच्या सचिवांकडे आणि सांख्यिकीतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न : मी गावोगावी नाटकांत काम करतो. रुग्णाची भूमिका करण्याचे काम मिळू शकते का? (कलावंत, परभणी)

मिळू शकते. मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी ही पद्धत लॉस एंजेलिसमध्ये 1963 मध्ये सुरू केली आणि आज ती परीक्षांतही वापरली जाते. यात अभिनयापेक्षा सातत्य मोलाचे असते : दहाव्या विद्यार्थ्यालाही तीच तक्रार, त्याच क्रमाने आणि विचारल्याशिवाय काही न सांगता द्यावी लागते. "छातीत कळ येती, घाम फुटतोय" असे तुम्ही बोललात तर परजिल्ह्यातील मुलांचे भले होईल. महाविद्यालयाच्या वैद्यकीय शिक्षण विभागात चौकशी करा. मात्र तुमच्या शरीराची कोणती तपासणी होणार, मानधन किती आणि तपासताना तुमच्यात खरोखरच काही दोष आढळला तर तो तुम्हाला कोण सांगणार, हे होकार देण्यापूर्वी लेखी घ्या.