‘भाडं त्याने भरलंय, आता नाही कसं म्हणू?’

लेस्टरहून एका मावशींचं पत्र आलंय. भाची 23 वर्षांची, मँचेस्टरला एमएस्सी करते. सुट्टीत आली होती. मावशी पोळ्या लाटत होत्या, तेवढ्यात ओट्यावरचा तिचा फोन उजळला: ‘भाडं पाठवलंय. शनिवारी ये, तो निळा ड्रेस घाल.’ विचारल्यावर ती म्हणाली, ‘शुगर डेटिंग आहे गं मावशी, सगळं ठरवून असतं.’ आता सांगलीला बहिणीला कळवायचं का, असं मावशी विचारतात.

ताई, तो फोन करू नका. मुलगी सज्ञान आहे, आणि तिने खोटं न बोलता तुम्हाला सांगितलंय. हा विश्वास जपा.

या नात्यात वयाने मोठा, पैसेवाला माणूस महिन्याला ‘अलाउन्स’ देतो किंवा दर भेटीमागे पैसे देतो. बदल्यात तिने ‘सोबत’ द्यायची. सगळी गोम या ‘सोबत’ शब्दात आहे. तिला वाटतं जेवण, गप्पा, नाटक. त्याने बहुतेक वेळा शरीरसंबंध गृहीत धरलेले असतात. ठरवताना दोघं बरोबरीचे दिसतात, पण नातं तुटलं तर त्याची एक संध्याकाळ जाते आणि हिची खोली जाते. म्हणून तर तो ड्रेसचा रंग सांगू शकतो. तिला एवढंच विचारा: ‘शनिवारी नाही म्हणालीस तर काय होईल?’ आणि उत्तर शांतपणे ऐका.

पैशांची ओढाताण खरी आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी-पदव्युत्तर मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. विद्यापीठाचा हार्डशिप फंड (पैशांच्या अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीची मदत) मिळेल का, हे तिच्यासोबत बसून शोधा. जमत असेल तर एका महिन्याचं भाडं तुम्ही द्या, आणि ते पुन्हा कधी बोलून दाखवू नका.

एक सावधगिरी आजच सांगा. कोणी जास्तीचे पैसे पाठवून ‘थोडे गिफ्ट कार्डने परत कर’ म्हणालं, तर ती फसवणूक आहे. मूळ रक्कम नंतर खात्यातून परत जाते, आपले पैसे मात्र गेलेले असतात.

त्याच्याकडे तिचे खासगी फोटो असतील तर घाबरून त्याला पैसे देऊ नका. इंग्लंडमध्ये असे फोटो पसरवण्याची नुसती धमकीसुद्धा 2021 पासून गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, पोलिसांना दाखवायला लागतील. रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन अशा वेळी मदत करते. तो फोन करताना तिला शेजारी कोणी हवं असेल, तर तुम्ही बसा.