जुन्या कब कॅडेट 102 ला क्रीपर गिअर बसवून टिलर चालेल का?

चालेल की, क्रीपरनं (वेग अगदी उतरवणाऱ्या जादा गिअरनं) मस्त चालेल. तुम्ही म्हणताय ना की शेजारच्या आजोबांकडून 102 (कब कॅडेटचा बागेतला छोटा ट्रॅक्टर) मिळालाय, मागे टिलर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारं अवजार) लावला की पहिल्या गिअरलाही पळत सुटतो, माती नुसती वर वर खरवडली जाते. अगदी हेच माझ्या 122 ला होत होतं. तुमच्यात 10 हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन आहे, माझ्यात 12 चं, बाकी मागचा गिअरबॉक्स तोच तीन गिअरचा.

आता पहिलं कोणीही सांगणार की थ्रॉटल कमी करा. नका करू. टिलरचा पट्टा पुढच्या पीटीओवरून (अवजार फिरवायच्या पुलीवरून) येतो, म्हणजे थेट इंजिनवरून, त्यामुळे थ्रॉटल खाली घेतला की गाडीबरोबर टिलरची पातीपण मंदावतात, हातात काय आलं? शिवाय हवेवर थंड होणारं इंजिन, कमी आरपीएमवर लोड दिला की पंख्याची हवापण कमी. गावाकडच्या ट्रॅक्टरला हाय-लोचा लिव्हर असतो, रोटाव्हेटर लावला की बाबा आधी तो लो ला टाकायचे आणि इंजिनाचा आवाज मात्र तसाच चढा ठेवायचे. क्रीपर म्हणजे हेच, फक्त वेगळा डबा करून गिअरबॉक्सच्या तोंडावर बसवलेला. साधारण 4 ला 1 असा वेग उतरतो.

डबा बसवणं तसं सोपंय, खरी भानगड शाफ्टची आहे. क्लचपासून गिअरबॉक्सपर्यंत जो 5/8 इंची शाफ्ट जातो त्याच्या मागच्या टोकाला क्रीपर जागा खातो, मग जुना शाफ्ट लांब पडतो आणि क्रीपरचा आखूड शाफ्ट वेगळा लागतो. मला ज्यानं क्रीपर विकला त्यानं शाफ्ट दिलाच नाही आणि मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मग काय, हुशारी केली, जुनाच शाफ्ट कापला आणि पिनेचं भोक हातातल्या ड्रिलनं पाडलं. डोळ्याला सरळ दिसत होतं हो! पण इंजिन चालू करून क्लच सोडला आणि कपलिंग (शाफ्ट जोडणारा सांधा) असं लचकत फिरायला लागलं की पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. भोक मधोमध नव्हतं, जरासंच बाजूला गेलेलं. शेवटी लेथवाल्याकडून नवीन शाफ्ट करून घेतला, जुना क्रीपरच्या आतल्या टोकाशी जुळवून माप देऊन. म्हणून सांगतो, शाफ्टसकट मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या.

आयएचने (इंटरनॅशनल हार्वेस्टर, मूळ कंपनी) कब कॅडेटचा धंदा 1981 ला एमटीडी कंपनीला विकला, त्यामुळे क्रीपर बहुतेक मोडीत निघालेल्या गाड्यांमधलाच मिळणार. विकत घेताना हातानं फिरवून बघाच. लिव्हर क्रीपरमध्ये टाकून पुढचं टोक चार वेळा फिरवलं की मागचं एकदा फिरलं पाहिजे, डायरेक्टमध्ये एकाला एक. मध्येच अडकला किंवा कटकट आवाज आला तर ठेवून द्या त्याला तिथंच.

बसवताना मी आधी गिअरबॉक्सचं तेल काढलं (सात पाइंट असतं, आयएचचं हाय-ट्रान तेल घ्या, दुसरं काही ओतू नका), मग मागचं सगळं धूड फ्रेमपासून सोडवून मागे सरकवलं, जागाच नसते नाहीतर. सगळ्यात जास्त वेळ कपलिंगच्या पिनेनं खाल्ला. साठ वर्षं तिथं बसलेली पिन, ती काय अशी निघते? दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारत राहिलो, कपलिंगखाली लोखंडी ठोकळा टेकवला आणि बरोबर मापाच्या पंचनं ठोकली तेव्हा निघाली. बारीक पंच घेऊ नका, तो पिनेच्या पोकळीत घुसून बसतो, मग अजून एक काम वाढतं. लिव्हर वर यायला कव्हरच्या पत्र्याला खाच पाडावी लागेल, ती किरकोळ.

झाल्यावर ड्राइव्ह-वेवर खडूनं 50 फुटांवर रेघ मारून बघितलं. डायरेक्टला पहिल्या गिअरमध्ये 17 सेकंद, क्रीपरमध्ये एक मिनिट दहा. बायको म्हणाली बंद पडला का काय. पण टिलर खाली सोडला तर माती पार कुटल्यासारखी बारीक, तीही एका फेरीत.

दोन गोष्टी मात्र पाळा. लिव्हर बदलायचा तर क्लच दाबून गाडी पूर्ण थांबवा, चालत्या गाडीत नाही. आणि क्रीपरला ओढायच्या कामाला लावू नका, म्हणजे झाडाचं खोड उपटणं वगैरे. वेग चौथाई झाला की मागच्या गिअरवर जोर चौपट जातो, एरवी जास्त लोड आला की इंजिन बंद पडून वाचवतं, इथं इंजिनला काही कळतही नाही आणि आतला एखादा दात जातो.

तुमची गाडी 102 च आहे ना तेवढं गाडीवरच्या नंबरच्या पट्टीवर बघा. 1963 च्या आधीची पहिली 7 हॉर्सपॉवरची असेल तर तिला इंजिन ते गिअरबॉक्स पट्टा आहे, मग हे शाफ्टचं सगळं गणित लागू नाही. फोटो टाका, सांगतो.