कडकनाथ आणि बदकं प्रदर्शनाला न्यायचीत? आधी खुराड्यातलं बघू

भाऊ, तुमचा प्रश्न जानेवारीतल्या कृषी प्रदर्शनाचा आहे. घरी कडकनाथचे २ कोंबडे, ११ कोंबड्या, खाकी कॅम्पबेल बदकांची एक जोडी आणि खुडूक कोंबडीखाली उबवलेली बदकाची ६ पिल्लं. एक कोंबडा आणि बदकांची जोडी न्यायचीय, तर पिसांना चमक यायला काय चारावं आणि धुवावं कसं, असं विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात की तीन आठवड्यांची दोन पिल्लं लंगडतायत. मी तिथूनच सुरुवात करतो. चमकेला अजून चार महिने आहेत, पिल्लांना चार दिवसही नाहीत.

तुम्ही त्यांना कोंबडीच्या पिल्लांचंच खाद्य देताय. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळपास दुप्पट लागतं. ते कमी पडलं की मागचा गुडघ्यासारखा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पिल्लू बसून बसूनच खाद्याकडे सरकतं. पिल्लू हातात घ्या, दोन्ही पायांचे सांधे अंगठ्याने चाचपून बघा. सुजलेले असतील तर जनावरांच्या औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सचं पातळ औषध आणा, त्यात नायसिन असल्याची खात्री करून डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात रोज पाण्यातून द्या. लवकर सुरू केलं तर पाय सावरतात, हाड एकदा वाकलं की सरळ होत नाही. सांधा ठीक असेल तर तळपाय उलटून बघा. फरशीवर किंवा खडीवर वाढलेल्या बदकाच्या तळव्याला जखम होऊन गाठ धरते. आणि बदकाला पायाला धरून कधीच उचलू नका, त्याचा पाय नाजूक असतो. दोन्ही हातांनी पंखांवरून अंग धरायचं.

दुसरी शंका मला पेंडीची आहे. शेंगदाण्याची पेंड किंवा ओल लागलेला मका घालत असाल तर आजच बंद करा. आपल्याकडे खानदेशात मका पावसात सापडतो, घाईत पोत्यात भरला जातो आणि दाण्याच्या टोकाला हिरवट-काळी बुरशी धरते. त्या बुरशीचं विष कोंबडी थोडंफार सोसते, बदकाचं पिल्लू अजिबात सोसत नाही, त्याचं काळीज आधी जातं. मूठभर मका नाकाशी धरा. कुबट वास आला तर ते पोतं बदकांना नाही आणि कोंबड्यांनाही नाही. सरकीची पेंडही अंड्यावरच्या कोंबड्यांना नको. घराघरात गायीसाठी असते म्हणून लोक घालतात, मग अंडी थोडी ठेवली की बलक हिरवट निघतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

बदकांना पाणी खोल भांड्यात द्या, चोच नाकपुड्यांसकट बुडाली पाहिजे. ओलं खाद्य नाकात सुकून बसतं, ते धुवायला त्यांना तेवढं पाणी लागतंच. पण हे भांडं कोंबड्यांच्या खुराड्यात नको. बदकं रात्रीत सगळं तूस चिखल करून टाकतात आणि ओल्या तुसावर कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागायला वेळ लागत नाही. दोघांमध्ये एक जाळी मारा.

आता चमक. जानेवारीत दिसणारं पीस आत्ताच उगवतंय. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, पक्षी चोच उघडून दिवस काढतो, आणि पाऊस लागल्यावर पीस झडून नवं येतं. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. म्हणून अंडी बंद झाली की खाद्य कमी करणारे लोक इथेच चुकतात. या दोन महिन्यांत सुकटीची कुटी, थोडी तिळाची पेंड, भाजलेलं सोयाबीन द्या. सोयाबीन कच्चं मात्र नको, ते पचत नाही. डिसेंबरात कितीही तेल-लसूण चारलं तरी आधीच उगवलेलं पीस बदलत नाही.

तुमचा पक्षी काळा आहे, म्हणून एक जास्तीची काळजी. काळं पीस उन्हाने तांबूस पडतं. न्यायचा कोंबडा आत्तापासून भर दुपारी सावलीत ठेवा. मी केळीच्या पानांचा मांडव करतो, पानं वाळली की बदलतो. कडकनाथचा तुरा, जीभ, पाय सगळं काळं लागतं. परीक्षक चोच उघडून जीभ बघतात, पंख उलगडून पांढरं पीस शोधतात, छातीच्या हाडावरून बोट फिरवतात. तुमच्या दोन्ही कोंबड्यांची ही तपासणी घरीच करा आणि मग कोणता न्यायचा ते ठरवा. वजनदार आहे म्हणून निवडू नका.

निवडलेला पक्षी दोन आठवडे आधीपासून रोज तासभर पिंजऱ्यात ठेवा, हातून दाणा द्या. कोपऱ्यात दबून बसलेल्या कोंबड्याची उभारी कुणाला दिसणार? धुणं दोन-तीन दिवस आधी करायचं, म्हणजे तो चोचीने पिसांना पुन्हा तेल लावून घेतो. तीन घमेल्यांत कोमट पाणी, पहिल्यात लहान मुलांच्या शाम्पूचे थोडे थेंब, पीस असेल त्या दिशेनेच हात, बाकी दोन्ही खळबळायला. जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगला गारठा असतो, त्यामुळे अकराच्या आत हात लावू नका. पाय जुन्या टूथब्रशने घासून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. बदकांना शाम्पू नकोच. स्वच्छ पाण्याचं टिपाड आणि बसायला कोरडा पेंढा द्या, बाकीचं ती स्वतः करतात.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. प्रदर्शनाहून परत आल्यावर काय?

काही वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनातून कोंबडा घेऊन रात्री आलो. त्याला लस होती, तरतरीत होता. दमलो होतो, सरळ खुराड्यात सोडला. आठव्या दिवशी एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कोपऱ्यात मान पाठीवर उलटी टाकून उभी दिसली. दाणा टिपायला जायची आणि चोच मातीत दुसरीकडेच पडायची. हिरवी हगवण, मग एकेक करत १४ गेल्या. २३ मधल्या ९ उरल्या. कोंबडा शेवटपर्यंत ठणठणीत होता. लस घेतलेला पक्षी स्वतः आजारी न पडता मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, घरी आणू शकतो, हे मला तेव्हा कळलं. आजी एवढंच म्हणाली, "मानमोडी उनी नि खुराडं खाली करी गयी." म्हणजे मानमोडी आली नि खुराडं रिकामं करून गेली. बाकीच्यांना लस का नव्हती? कुपी १०० डोसांची, माझे पक्षी २३, वाया जाईल म्हणून मीच टाळली होती. आता आम्ही गल्लीतले सहा जण मिळून एक कुपी आणतो, थर्मासमध्ये बर्फावर, आणि एकाच सकाळी दोन तासांच्या आत सगळ्यांच्या कोंबड्या उरकतो. तुमच्याकडच्या ८ आठवड्यांवरच्या ज्यांना मानमोडीची आर-२-बी लस झाली नसेल, त्यांची या महिन्यातच करून घ्या.

बदकांचं आणखी वेगळं. बर्ड फ्लूचा विषाणू बदक कधी कधी काहीच लक्षण न दाखवता बाळगतं. २००६ च्या फेब्रुवारीत देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि २०२१ ला तिथे पुन्हा पक्षी मारावे लागले. ज्यांनी स्वतःच्या हाताने पक्षी मारायला दिले त्यांच्याशी बोलून बघा. म्हणून परतलेला कोंबडा आणि बदकं ३० दिवस गोठ्याच्या पलीकडे, वेगळ्या भांड्यांत. आधी घरच्या कोंबड्यांचं आवरायचं, शेवटी त्यांचं, आणि तिकडे जायची चप्पल वेगळी. त्या काळात एकही पक्षी सुस्तावला तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. मेलेला पक्षी नदीत टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

पिल्लांच्या सांध्यांचा फोटो उजेडात काढून इथे टाका, दोन्ही पाय दिसतील असा. सांधे सुजलेले असतील तर औषध मात्र फोटोची वाट न बघता, डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा.