घड्याळाचा स्टीलचा पट्टा हातात सैल फिरतोय, घरी कमी करता येईल का?

येईल की, पण लगेच कड्या काढायला बसू नका. आधी लॉकच्या कडेला बघा, बऱ्याच पट्ट्यांना तिथं दोन-चार बारीक भोकं असतात, आतली स्प्रिंगची पिन टाचणीनं दाबून पुढच्या भोकात सरकवली की पट्टा थोडा आवळतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर कडी काढा. आतल्या बाजूला बाण कोरलेले दिसतील, पिन बाणाच्या दिशेनं बाहेर ढकलायची आणि परत बसवताना उलट्या दिशेनं. खाली ताट ठेवा, काही पट्ट्यांत पिनेसोबत इवलीशी नळी असते, ती उडाली की शोधत बसा! कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढा, एकच जास्तीची असेल तर सहाच्या आकड्याकडची, म्हणजे लॉक मनगटाच्या मधोमध राहतं. करंगळी आत जाईल एवढी ढिलाई ठेवाच, पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी हात सुजतो तेव्हा घट्ट पट्टा जाम काचतो.

बाणाऐवजी स्क्रू असतील किंवा घड्याळ महागाचं असेल तर सरळ लक्ष्मी रोडला घड्याळवाल्याकडे जा, आणि काढलेल्या कड्या मागून घ्या.