ब्रिटनच्या राजाची आठवण चित्रांत, पुतळ्यांत आणि इमारतींत कशी राहते? पहिल्या चार्ल्सचं उदाहरण

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या राजाची आठवण चित्रं, पुतळे आणि इमारतींमधून कशी जपली गेली आहे, आणि त्यातून खरा माणूस कितपत कळतो. बहुतेक जण यावर आठव्या हेन्रीचं उदाहरण देतील. मी पहिल्या चार्ल्सबद्दल लिहिते. मी लंडनमध्ये चित्रकला शिकवते, आणि विद्यार्थ्यांना घेऊन ज्या राजाच्या चित्रांसमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहते तो हा.

आधी ओळख करून देते. जन्म 1600 सालचा, स्कॉटलंडमधला. 1625 मध्ये गादीवर आला. राजाला अधिकार थेट देवाकडून मिळतो, त्याने प्रजेला हिशोब द्यायचा नसतो, अशी त्याची ठाम समजूत होती. 1629 ते 1640 अशी अकरा वर्षं त्याने संसदच बोलावली नाही. कर आणि धर्म यांवरून वाद पेटत गेले, 1642 मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं, तो हरला, आणि 30 जानेवारी 1649 रोजी भर रस्त्यात लोकांसमोर त्याचा शिरच्छेद झाला. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करून ज्याला मुंबई बेट आंदण मिळालं तो दुसरा चार्ल्स याचा मुलगा.

म्हणजे राज्यकर्ता म्हणून याच्याइतका अपयशी राजा इंग्लंडच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरीही त्याचा चेहरा आठवा: निमुळती दाढी, लांब केस, लेसची कॉलर, डोळ्यांत खिन्नता. मनात लगेच एक सभ्य, उदात्त माणूस उभा राहतो. ही चित्रकाराची करामत आहे. चार्ल्सने माणसं निवडताना अनेकदा चुका केल्या, पण चित्रकार निवडताना तो चुकला नाही. म्हणून पावणेचारशे वर्षांनंतरही आपण राजाला त्या चित्रकाराने दाखवलं तसंच पाहतो.

तो चित्रकार म्हणजे अँटवर्पचा अँथनी व्हॅन डाइक, त्या काळचा नामवंत चित्रकार रूबेन्स याच्या कार्यशाळेत तयार झालेला. 1632 मध्ये तो लंडनला आला. राजाने त्याला ‘सर’ केलं, सोन्याची साखळी दिली, वर्षाला 200 पौंडांचं मानधन बांधून दिलं आणि ब्लॅकफ्रायर्सला नदीकाठी घर दिलं. 1641 मध्ये तो वारला. जेमतेम नऊ वर्षांचं काम, पण चार्ल्सची जी चित्रं आज आपल्याला माहीत आहेत त्यांतली बहुतेक याच काळातली.

आता अडचण काय होती बघा. राजा बुटका होता, सुमारे पाच फूट चार इंच. बोलताना अडखळायचा. त्याच्या आधीच्या दरबारी चित्रकाराने, डॅनियल मायटेन्सने, त्याला जमिनीवर ताठ उभा करून रंगवलं होतं, आणि त्या चित्रांत तो नीटनेटका पण अगदी साधा वाटतो. व्हॅन डाइकने त्याला घोड्यावर बसवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 1637-38 च्या सुमाराचं ते प्रचंड चित्र आहे, उंची साडेतीन मीटरपेक्षा जास्त. क्षितिजरेषा इतकी खाली धरली आहे की बघणारा आपोआप राजाच्या पायाशी येतो. घोड्याचं डोकं त्याच्या भल्यामोठ्या शरीराच्या मानाने लहान आहे. मुलं हे लगेच पकडतात आणि विचारतात, चुकलं का? माझ्या मते चुकलेलं नाही. घोड्याचं डोकं पुरेपूर मापाचं काढलं असतं तर नजर तिथेच अडकली असती. इथे ती मान ओलांडून थेट राजाच्या चेहऱ्यावर जाते. चिलखत, हातात सेनापतीचा दंड, मागे झाडाला टांगलेली पाटी आणि तिच्यावर लॅटिनमध्ये ‘चार्ल्स, ग्रेट ब्रिटनचा राजा’. हे 1885 मध्ये ब्लेनहाइम राजवाड्याच्या मालकाकडून, म्हणजे मार्लबरोच्या ड्यूककडून, 17,500 पौंडांना विकत घेतलं गेलं.

माझं सगळ्यात आवडतं चित्र मात्र लंडनमध्ये नाही, पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. साधारण 1635 चं, शिकारीच्या वेळचं. इथे मुकुट नाही, चिलखत नाही, राजा घोड्यावरून खाली उतरला आहे. मोठी हॅट, कमरेवर हात, दुसऱ्या हातात काठी. मागे घोडा मान झुकवून उभा, जणू मुजरा करतोय. ज्याच्या अंगावर राजचिन्हं जवळपास नाहीतच तो माणूस राजाच आहे, याबद्दल क्षणभरही शंका येत नाही. हात आणि कोपर कुठे ठेवावेत हे विद्यार्थ्यांना शिकवायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही. हे चित्र पुढे फ्रान्सच्या सोळाव्या लुईने 1775 मध्ये मादाम द्यु बारीकडून, म्हणजे पंधराव्या लुईच्या प्रेयसीकडून, विकत घेतलं. 21 जानेवारी 1793 रोजी या लुईचंही डोकं उडवलं गेलं.

तिसरं चित्र कामासाठी काढलेलं होतं. रोममध्ये बर्निनी या इटालियन शिल्पकाराला राजाचा संगमरवरी अर्धपुतळा करायचा होता, आणि राजा काही रोमला जाणार नव्हता. मग व्हॅन डाइकने एकाच कॅनव्हासवर तीन चार्ल्स रंगवले: एक समोरून, एक पूर्ण बाजूने, एक तिरका. तिन्हींचे कपडे वेगळ्या रंगाचे. त्यावरून बर्निनीने पुतळा घडवला, तो 1637 मध्ये लंडनला पोहोचला, आणि 1698 मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याला लागलेल्या आगीत नष्ट झाला. मूळ काम गेलं, त्यासाठी काढलेलं टिपणवजा चित्र राहिलं, आणि आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातलं एक मोलाचं चित्र आहे.

पुतळ्याची गोष्ट याहून रंजक आहे. ट्रफाल्गर चौकाच्या दक्षिण टोकाला, चेरिंग क्रॉसला, वाहनांच्या गराड्यात एक फारसा मोठा नसलेला अश्वारूढ पुतळा आहे. लोक नेल्सनच्या खांबाचे फोटो काढतात आणि याला पाठ दाखवून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. फ्रेंच शिल्पकार युबेर ल स्युअरने केलेला हा पुतळा 1633 सालचा आहे. राजाचा खजिनदार रिचर्ड वेस्टन याने तो आपल्या बागेसाठी 600 पौंडांत करवून घेतला. 1630 च्या करारात मापं लिहिलेली होती: घोडा नेहमीच्या मोठ्या घोड्यापेक्षा एक फुटाने मोठा, आणि राजा पूर्ण सहा फूट. करारातच राजाची उंची आठ इंचांनी वाढवून घेतली!

युद्धानंतर संसदेच्या बाजूच्या लोकांनी हा पुतळा मोडीत काढायला जॉन रिव्हेट नावाच्या तांबटाला विकला. रिव्हेटने तो न मोडता लपवून ठेवला. असं सांगतात की त्याने सुऱ्यांच्या मुठी वगैरे वस्तू करून ‘याच पुतळ्याच्या धातूच्या’ म्हणून विकल्या. राजाचे चाहते आठवण म्हणून घ्यायचे, विरोधक विजयाची खूण म्हणून. 1660 मध्ये राजेशाही परत आली आणि पुतळा अख्खा बाहेर आला! वेस्टनच्या वारसाने हक्क सांगितला, रिव्हेट देईना. शेवटी राजदरबाराने तो विकत घेतला आणि 1675 मध्ये आजच्या जागी बसवला. जागाही मुद्दाम निवडलेली वाटते. चार्ल्सच्या मृत्युदंडाला जबाबदार धरलेल्यांपैकी काहींना 1660 मध्ये इथेच मारलं होतं. राजा तोंड करून बसलाय व्हाइटहॉलकडे, जिथे त्याचं स्वतःचं डोकं उडवलं गेलं त्या बाजूला. आजही जानेवारीच्या अखेरीस काही राजनिष्ठ मंडळी इथे पुष्पचक्रं वाहतात. पुतळ्यामागे जमिनीत एक धातूची पट्टी बसवली आहे: लंडनपासूनची अंतरं इथून मोजतात.

इंग्लंडमधल्या मोठ्या कांस्य अश्वारूढ पुतळ्यांची सुरुवात हा पुतळा मानला जातो. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र, याच परंपरेतला. तो 1965 मध्ये जागेवरून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला.

चेरिंग क्रॉसवरून व्हाइटहॉल रस्त्याने पाच-सात मिनिटं चाललात की डाव्या हाताला बँक्वेटिंग हाउस, म्हणजे जुन्या व्हाइटहॉल राजवाड्याचं मेजवानीचं दालन, लागतं. इमारत वास्तुविशारद इनिगो जोन्सची, 1622 मध्ये पुरी झालेली. ती बांधली चार्ल्सच्या वडिलांनी, पण तिचं छत चार्ल्सने रूबेन्सकडून रंगवून घेतलं. एकूण नऊ कॅनव्हास, मोबदला 3,000 पौंड, 1636 मध्ये बसवले गेले. मधल्या लंबगोलात वडील, म्हणजे पहिला जेम्स, गरुडावर पाय ठेवून स्वर्गात चाललेत. राजा हा देवाचाच माणूस, हा चार्ल्सचा सगळा विश्वास त्या छतावर आहे. मशालींच्या धुराने चित्रं खराब होतील म्हणून त्याने या दालनातले नाटक-नाचाचे दरबारी कार्यक्रम बंद केले आणि त्यांच्यासाठी दुसरी तात्पुरती इमारत उभारली. चित्रांना इतकं जपणारे राजे कमीच.

30 जानेवारी 1649 ला त्याला याच छताखालून चालवत नेलं आणि खिडकीवाटे बाहेर, रस्त्यावर उभारलेल्या वधमंचावर आणलं. कडाक्याची थंडी होती. थंडीने अंग थरथरलं तर लोक घाबरला म्हणतील, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. शेवटच्या क्षणीही, आपण कसे दिसू, याचा विचार सुटला नव्हता. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. मला त्यात धैर्य दिसतं. 1698 च्या ज्या आगीत बर्निनीचा पुतळा गेला तीत व्हाइटहॉलचा भव्य राजवाडाही जवळपास सगळा खाक झाला, ही इमारत मात्र वाचली.

मृत्यूनंतर काही दिवसांतच त्याच्या नावाने एक प्रार्थनांचं पुस्तक निघालं. त्याच्या पहिल्या चित्रात राजा गुडघे टेकून काट्यांचा मुकुट हातात घेताना दाखवला आहे. ते वर्षभरात पुन्हा पुन्हा छापलं गेलं. या एका चित्राने त्याला हुतात्मा केलं. पुढे फालमथ आणि टनब्रिज वेल्ससारख्या ठिकाणी त्याच्या नावाची चर्चं उभी राहिली, आणि इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात 30 जानेवारीची खास उपासना 1859 पर्यंत होती. एक इमारत मात्र कागदावरच राहिली: 1678 मध्ये संसदेने त्याच्या समाधीसाठी 70,000 पौंड मंजूर केले, वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने आराखडाही काढला, पण ती कधी बांधली गेली नाही. तो विंडसरच्या चॅपलमध्ये आठव्या हेन्रीच्या शेजारी पुरलेला आहे.

त्याचा चित्रसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर विकला गेला. राजवाड्याच्या थकलेल्या देण्यांपोटी अगदी प्लंबरलासुद्धा चित्रं मिळाली. बरीचशी स्पेन आणि फ्रान्सला गेली, त्यामुळे माद्रिदच्या प्रादोमध्ये आणि लूव्हरमध्ये फिरताना तुम्ही नकळत चार्ल्सच्याच भिंतींवरची चित्रं पाहत असता. 2018 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीने त्यातल्या सुमारे 140 कलाकृती पुन्हा एकत्र मांडल्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, खरा माणूस किती कळतो. नॅशनल गॅलरीतलं ते घोड्यावरचं चित्र रंगत होतं त्याच सुमारास, 1637 मध्ये, विल्यम प्रिन, हेन्री बर्टन आणि जॉन बॅस्टविक या तिघांचे कान राजाच्या न्यायासनाच्या हुकमाने कापले गेले. गुन्हा काय, तर बिशपांविरुद्ध पत्रकं लिहिली. यादवी युद्धात हजारो माणसं मेली. यातलं काहीही व्हॅन डाइकच्या चित्रांत नाही, आणि असणारही नव्हतं. म्हणून मी मुलांना चित्राची स्तुती मनापासून करायला सांगते आणि कापलेल्या कानांची गोष्टही त्याच चित्रासमोर सांगते.

विरोधी बाजूच्या आठवणीला उशीर लागला. युद्धात संसदेच्या बाजूचा सेनापती असलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा पुतळा संसदेबाहेर 1899 मध्ये बसला, तोही आयरिश खासदारांच्या कडव्या विरोधानंतर आणि खासगी पैशातून. त्याचं डोकं खाली झुकलेलं आहे. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर चार्ल्सचा छोटासा शिशाचा अर्धपुतळा बरोबर त्याच्याकडे तोंड करून आहे.

खरा माणूस मला एकाच चित्रात थोडा भेटतो. ते एडवर्ड बाउअर नावाच्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या चित्रकाराचं आहे, खटल्याच्या वेळचं. काळे कपडे, उंच काळी हॅट, पांढरी होत आलेली दाढी, थकलेले डोळे. रेखाटनात व्हॅन डाइकची सफाई नाही, पण समोर बसलेल्याला आता जगाला काही पटवून द्यायचं उरलेलं नाही असं वाटतं. याच्या एकाहून जास्त प्रती आहेत, त्यातली एक राजघराण्याच्या संग्रहात.

लंडनला जाणार असाल तर नॅशनल गॅलरीपासून सुरुवात करा, तिथे प्रवेश मोफत आहे. तिथून चेरिंग क्रॉसचा पुतळा, मग व्हाइटहॉलने खाली बँक्वेटिंग हाउस, आणि शेवटी क्रॉमवेल. बँक्वेटिंग हाउस नेहमी उघडं नसतं, म्हणून आधी चौकशी करून जा. संसदेची फेरी घेतलीत तर वेस्टमिन्स्टर हॉलच्या पायऱ्यांवर, खटल्याच्या वेळी चार्ल्स जिथे बसला होता तिथे, एक पितळी पाटी बसवलेली दिसेल.