लेबलवरचा अंगठा

‘प्रिय काकू, मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 32. घरी तीन एकर कोरडवाहू, कपाशी. नऊ वर्षांपासून ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि तीन वर्षांपासून लग्नाचे लेहंगे. मोबाइलवर सब्यसाचीचे (तो कोलकात्याचा मोठा डिझायनर) फोटो मोठे करकरून पाहते आणि तसेच शिवते. कापड-लेस गांधीबागेतून आणते. सब्यसाचीकडे लाखांत जाणारी वस्तू मी साडेसात हजारांत देते. त्याच्या नावाची लेबलं पण नागपूरलाच मिळतात, वाघाचं चित्र असलेली. पाच-सहा नवरींनी मागितली, मग सगळ्यांनाच लावायला लागले, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मागच्या महिन्यात एका मोठ्या साडी-ब्लाउज ग्रुपमध्ये माझ्या कामाचे पाच फोटो टाकले. पुण्या-मुंबईच्या बायका तुटून पडल्या. डुप्लिकेट, चोरीचा माल, हा लाल किती गावठी, गरिबांची सब्यसाची. एकीने लिहिलं, पैसा आला तरी टेस्ट येत नाही. आतलं फिनिशिंग दिसावं म्हणून एक फोटो ब्लाउज उलटा करून काढला होता (लेबलवर अंगठा ठेवला होता), त्याबद्दल तर कोणी एक शब्द नाही बोललं. मले दोन रात्री झोप नाही आली. सांगा, ग्रुप सोडू का त्यायले सणसणीत उत्तर देऊ? देऊ तर काय देऊ?’

पोरी, तुझं पत्र चार पानी आहे. वर मी त्याचा अर्क दिलाय. साडेतीन पानं त्या बायकांवर खर्च झालीत, ती मी भरभर वाचली. थांबले ते कंसापाशी.

काहून ठेवला वं अंगठा?

तो फोटो तू कसा काढला असशील ते मला दिसतं. पोरांना बाहेर हाकललं असशील, खिडकीचा पडदा सारला असशील, धुतलेल्या चादरीवर ब्लाउज उलटा करून पसरला असशील. अस्तर कुठे फुगलं नाही हे दिसावं. इंटरलॉकचा एक धागा लोंबत नाही हे दिसावं. दोन्ही बगलांखाली दोन-दोन बोटं माया (शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड) सोडली आहे, तीही दिसावी. नवरी लग्नानंतर अंगाने भरते, पहिल्या बाळंतपणानंतर आणखी भरते, आणि तरी तिला भावाच्या लग्नात तोच ब्लाउज घालायचा असतो. म्हणून माया सोडायची. हे मोबाइलवर फोटो मोठा करून कळत नसतं. नऊ वर्षं गावातल्या बायकांची मापं घेऊन कळतं. लेहंग्याच्या कळ्या तू कुठूनही उचलल्या असशील, ब्लाउजच्या आतली बाजू नखशिखांत तुझी आहे. म्हणून तर तिचा फोटो टाकावासा वाटला.

आणि त्याच आतल्या बाजूला, मानेखाली मधोमध, दुसऱ्याचं नाव.

अंगठ्याला ते कळलं होतं. तू मात्र दोन रात्री कूस बदलत भलत्याच बायकांना शिव्या घालत होतीस.

त्या बायकांचं आधी उरकून टाकते, कारण त्यांच्यावर मला जास्त शाई घालवायची नाही. नाकं मुरडणं हा रोग वरून खालपर्यंत आहे. 2018 साली खुद्द सब्यसाची मुखर्जी हार्वर्डच्या व्यासपीठावर बोलून गेले की साडी नेसता येत नसेल तर लाज वाटायला हवी, आणि मग त्यांनाच माफी मागावी लागली. (साडी नेसता न येणारी बाई घाटंजीत शोधावी लागेल.) 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या बड्या ब्रँडने मिलानमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल रॅम्पवर आणली, कोल्हापूरचं नाव न घेता. गदारोळ झाला तेव्हा कुठे ते मान्य केलं. मोठ्याने खालून उचललं की प्रेरणा, लहानाने वरून उचललं की चोरी. हे तुलाही ठाऊक आहे, तू पत्रात तेच दीड पान लिहिलंयस आणि बरोबर लिहिलंयस. पण ते वापरून तुझा बचाव मी करणार नाही. प्राडाने नाव घेतलं नाही म्हणून आपण भांडलो ना? मग तू तुझ्या कामावर कोणाचं नाव घेतलंस?

नक्कल केली म्हणून मी तुला बोलत नाहीये, हे नीट समजून घे. डिसेंबर 2017 मध्ये अनुष्का शर्मा इटलीत स्वतःच्या लग्नात सब्यसाचीच्या फिकट गुलाबी लेहंग्यात उभी राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या मंगल कार्यालयात मी तोच गुलाबी दोनदा पाहिला. असंच चालतं, असंच चालत आलंय. घेर कोणाच्या बापाचा नसतो, सोळा कळ्या कोणाच्या मालकीच्या नसतात, प्रिन्सेस कट तर नाहीच नाही. एखादी नक्षी कोणी डिझाइन कायद्याखाली नोंदवली असेल तर ती त्याची, 10 वर्षं, आणि मुदत वाढवून घेतली तर 15. तेवढी हुबेहूब उचलू नकोस, आपली वेल आपण काढ. नाव मात्र वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्याचा ट्रेडमार्क आपल्या मालावर लावायचा आणि तो माल विकायचा, याला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 103 आणि 104 आहेत. सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. वेगळे पैसे घेतले नाहीत, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

तुला घाबरवायला मी कायदा काढला नाही. घाटंजीला कोलकात्याहून कोणी धाड घालायला येणार नाही, हे मलाही कळतं. मला दुसरंच सांगायचंय. 2021 च्या जानेवारीत आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने सब्यसाची ब्रँडमधला 51 टक्के हिस्सा 398 कोटींना घेतला. काय विकत घेतलं असेल त्यांनी? शिलाई मशीनं? तशी तर पाहिजे तेवढी मिळतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका परदेशी साखळी दुकानासोबत सब्यसाचीचे कपडे आले. त्यात 9,999 रुपयांची छापील साडी होती. हातकामाच्या जागी छपाई, म्हणून हस्तकलावाल्या संस्थांनी जाहीर पत्र लिहून हरकत घेतली. पण ऑनलाइन माल त्याआधीच काही मिनिटांत संपला होता. नाव विकलं जात होतं, पोरी. बाजारात सगळ्यात महाग असलेली वस्तू तू तीन रुपयांच्या पट्टीवर दुसऱ्याची लावतेस आणि स्वतःची मशीनखालच्या चिंध्यांत टाकतेस.

वाघाचं तर मला हसूच आलं. टिपेश्वरचं जंगल तुझ्या शेजारी. त्या वाघाच्या धाकाने तुझा नवरा रात्री जागलीला जाताना चार जण सोबत घेत असेल. आणि तू वाघ आणतेस नागपूरहून, छापलेला.

माझ्या वडिलांचे शर्ट तालुक्याच्या गावी शिवले जायचे. कॉलरच्या आत, मानेपाशी, निळ्या धाग्याने विणलेली पट्टी असायची. टेलरचं नाव आणि खाली गावाचं. लग्नाच्या पंगतीत वडिलांचे एक चुलते मान वाकवून लोकांना ती पट्टी दाखवायचे. आईचे ब्लाउज शिवायची आमच्या शेजारची बाई. ती वडिलांच्या टेलरपेक्षा चांगली शिवायची, हे टेलर स्वतः म्हणायचा. तिची पट्टी कधी कोणत्या ब्लाउजला लागली नाही. गेंट्स टेलर दुकानावर पाटी लावतो, कॉलरला पट्टी लावतो. ब्लाउज शिवणारी मात्र ‘ती मागच्या गल्लीतली’. मागची गल्ली आणि सब्यसाची यांच्यामध्ये एक जागा असते, हे तुझ्या मनातच आलं नाही. त्याचा मला राग येतो, आणि खरं सांगू, थोडं पोटात तुटतं.

आता नवरींकडे ये. ज्या पाच-सहा जणींनी लेबल मागून घेतलं त्यांचं मी सोडून देते. नणंदेपुढे मिरवायचं होतं, मिरवलं. पण ‘मग सगळ्यांनाच लावायला लागले’ हे तू इतकं सहज लिहून गेलीस, जणू हुक-आयांची गोष्ट आहे. त्यातली एखादी लग्न होऊन पुण्याला गेली असेल. तिच्या सोसायटीतल्या चार जणी कपाटातला लेहंगा बघायला जमतील, कोणीतरी ब्लाउज उलटा करून पाहील, वाघ दिसेल, आणि त्या एकमेकींकडे बघून हसतील. त्या का हसताहेत हेसुद्धा तिला कळणार नाही. तिने सब्यसाची मागितलाच नव्हता. तिने तुझ्याकडून लेहंगा शिवून घेतला होता. ग्रुपमध्ये तू जे ऐकलंस ते निदान स्वतः फोटो टाकून ओढवून घेतलंस. तिला तू ते ब्लाउजच्या आत शिवून दिलंस. वेगळे पैसे न घेता.

म्हणून ग्रुपचं मला विचारू नकोस. राहा नाहीतर सोड. सणसणीत उत्तर तुझ्याकडे आज नाहीये, कारण त्यांच्यातल्या एकीने जरी ‘अंगठा काढून दाखव’ म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस?

मापाची वही काढ. न मागता लेबल लावलेल्या किती जणी आहेत ते मोज. अठरा असोत नाहीतर अडतीस, प्रत्येकीला फोन कर. ‘फिटिंग करून देते’ असलं काही निमित्त सांगायचं नाही. सरळ म्हणायचं, ब्लाउजच्या आत मी दुसऱ्याच्या नावाची पट्टी लावली होती, घेऊन ये, काढून देते. जवळच्या गावांत असतील त्यांच्याकडे ब्लेड घेऊन तूच जा. एखादी म्हणेल, राहू दे ना ताई, छान दिसते. तरी काढ. एखादी चिडेल, तिचं ऐकून घे, उलट बोलू नकोस. एखादीची सासू सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलेल, तेही ऐकून घे. उरलेली लेबलं चुलीत घाल, ती नायलॉनची आहेत, धूर होईल, दार उघडं ठेव.

हे मी मुद्दाम अवघड सांगतेय. नुसती पुढची लेबलं बंद केलीस तर आणखी तीन महिन्यांनी एखादा लेहंगा फार सुरेख जमेल, कोणीतरी ‘अगदी ओरिजिनल वाटतो’ म्हणेल, आणि तू पुन्हा नागपूरच्या गाडीत बसशील. अठरा घरांचे उंबरे चढून आलेली बाई ते करत नाही.

माझी आजी लिहू शकत नव्हती. सोसायटीच्या कर्जाला, सातबाऱ्याच्या कामाला, सगळीकडे निळ्या शाईत बुडवून अंगठा उठवायची, आणि तलाठी जागा चुकीची दाखवायला लागला तर बोट आवळून धरायची. कुठे उठवायचा हे तिला कळत होतं. तुझ्या त्या पाच फोटोंत तुझी सही म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, तो अंगठा, आणि तो तू भलतीकडे उठवलास.

नवी पट्टी करून घे. वर तुझं नाव, खाली गाव, तालुका घाटंजी. फोन नंबर टाक. माझ्या वडिलांच्या टेलरने टाकला नव्हता, कारण त्याच्याकडे फोन नव्हता. इंग्रजीत नको, ‘बुटीक’ नको, ‘कूतूर’ तर अजिबात नको. आणि पट्टी सुती घे. सॅटिनची चमकते, पण घामाने भिजली की मानेला चावते. आपल्याकडची लग्नं मे महिन्यातली, पारा 45 वर, आणि नवरी बिचारी तीन-तीन तास स्टेजवर उभी.